बॉनेटवरचा हात

१६ नोव्हेंबर, रविवार

गाडी आली. मीच चालवत आणली, दुसरं कोण आणणार? बुकिंग प्रकाशचं, रंग प्रकाशने निवडलेला, आणि प्रकाश दसऱ्याआधीच गेला. चहाचा कप टीपॉयवर नीट ठेवला, बशीसकट, आणि गेला. (तोंडाने जन्मभर 'अहो'. इथे प्रकाश. घाईत नुसता प्र.)

मी बुकिंग कॅन्सल करा म्हणत होते. सासूबाई ऐकेनात. "त्याची गाडी आहे ती. लोकांच्या दारात बेवारशी का ठेवायची?" झालं.

पूजा शोरूममध्येच. तिला विरारहून नणंद आली, सुनीता. कारण घरात आम्ही दोघी, सासू नि सून, आणि आता दोघींनीही हळदकुंकवाला हात लावायचा नाही म्हणे. चाकांखाली लिंबं, नारळ, पेढे. सुनीताने बॉनेटच्या कोपऱ्यात इवलंसं स्वस्तिक काढलं. आमच्या गावी, राजापूरकडे, नवा बैल आणला की घरचा धनी त्याच्या पाठीवर हळदीचा हात उठवतो. मग तो बैल घरचा. सासूबाई बॉनेटकडे बघत म्हणाल्या, "धन्याचा हात पडायला हवा होता." मग स्वतःच म्हणाल्या, "राहू दे."

सीट पार मागे. माझे पाय पेडलला पोचेनात. सेल्समन म्हणाला, "सरांनी यार्डात बसून बघितली होती ना मॅडम, त्यांनीच लावलेली सीट." मला पत्ताच नाही! एकटा जाऊन आला. मला नेलं नाही, सांगितलंही नाही. असा राग आला. मग सीट पुढे ओढताना रडायला आलं, इंडिकेटरऐवजी वायपर चालू केला, सगळ्यांना वाटलं बाईला गाडी येत नाही. येते. लायसन्सच्या ट्रायलला नापास तो झाला होता, मी नाही.

१८ नोव्हेंबर, मंगळ.

ऑफिसातून आले. (पतपेढीत आज सगळ्यांना पेढे. "अभिनंदन" म्हणावं की नाही ते कोणालाच कळेना. पेढा मात्र सगळ्यांनी घेतला.)

रुचाचा पुण्याहून फोन. "मम्मी, वॅक्सच्या लिंका पाठवल्यात, बघ." बघितल्या. पेस्ट वॅक्स, लिक्विड वॅक्स, स्प्रे वॅक्स, सिरॅमिक, शाम्पू, चाकांचं वेगळं, काचेचं वेगळं, डॅशबोर्डचं वेगळं. माझ्या चेहऱ्याला एवढं कधी लावलं नाही.

पण करायचं आहे. प्र.चं पाठ होतं सगळं. रोज जेवताना मोबाईलवर तेच व्हिडिओ. "शुभा, खाडीची हवा आहे आपली. पहिल्याच महिन्यात वॅक्स नाही मारलं तर मीठ रंग खातं." स्कूटर त्याच हवेने खाल्ली आमची, मडगार्डला बोट लावलं तर आरपार जायचं. भाईंदरला इंद्रलोकमध्ये राहायचं, ओपन पार्किंग, आणि गडद निळी गाडी घ्यायची. हौस दांडगी! तेव्हा वॅक्स मी मारणार. त्याचं तेवढंच राहिलंय करायचं.

२२ नोव्हेंबर, शनि.

भाईंदर स्टेशनकडे भरतभाईंच्या दुकानात. कार ॲक्सेसरीज. प्र. तिथे तासन्‌तास उभा राहायचा, गाडी नसताना. भरतभाईंना सांगितलं, कोणाची कोण. त्यांनी हात जोडले. मग कामाचं बोलले, ते बरं केलं.

"देखो मॅडम, शाम्पू गाडीचाच घ्यायचा, घरातला साबण नाही. दो बाल्टी. मायक्रोफायबर. और वॅक्स आपको पेस्टवाला देता हूँ, प्रकाशभाई को वही पसंद था." पिवळट मेण, चपटा डबा. म्हणे ताडासारख्या झाडाच्या पानावरचं मेण असतं, लांबून येतं कुठून तरी. वास छान. "वॅक्सच्या आधी गाडी एकदम साफ पाहिजे. उसके ऊपर कुछ नहीं रहना चाहिए. एक दाग भी नहीं."

उद्या सकाळी, ऊन यायच्या आत. कापडं धुऊन वाळत टाकलीत.

२३ नोव्हेंबर, रवि.

लिहू की नको.

सकाळी खाली गेले, दोन बादल्या, शाम्पू, सगळं. दव पडलेलं. सगळी गाडी पांढुरकी. बॉनेटवर डावीकडे, हेडलाईटच्या वर, हात. उजवा हात. पूर्ण तळवा, बोटं फाकलेली, कोणी टेकून उभं राहावं तसा. तेवढ्या जागेत दव बसलेलं नाही.

मधलं बोट अर्धं.

बादली खाली ठेवली. बसले मी तिथेच, शेजारच्या स्कूटरच्या फुटरेस्टवर. प्र.चं मधलं बोट अर्धंच होतं. स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात प्रेसखाली गेलं, लग्नाआधी. आख्ख्या सोसायटीत असा हात दुसरा नाही.

ऊन आलं. दव गेलं, हात गेला. नुसती निळी गाडी. पाणी झाडांना ओतून वर आले. सासूबाई म्हणाल्या, "एवढ्यात झाली धुऊन?" हो म्हटलं.

२४ नोव्हेंबर, सोम.

आजही होता. तिथेच.

रुचाला सांगितलं. ती म्हणाली, "मम्मी, पप्पा यार्डात गेले होते ना? टेकले असतील गाडीला. तेलकट हात असेल तर तिथे दव वेगळं बसतं. सायन्स आहे." कळतं मला. त्याच्या हाताला कायम बाम. गुडघ्याला लावायचा आणि तेच हात सगळीकडे, टीव्हीच्या रिमोटला, दाराला, माझ्या पदराला. किती ओरडायचे मी.

पण शोरूमवाल्यांनी माझ्यासमोर गाडी धुतली होती गं. चांगली पाइप मारून, फेस करून. मग राहिला कसा?

यावर तिचं सायन्स संपलं. "मम्मी, मी येऊ का दोन दिवस?" नको म्हटलं.

२८ नोव्हेंबर, शुक्र.

दव नाही. ढगाळ. हात नाही. बॉनेटवर वाकून फुंकर मारली, आरशावर मारतो तशी. आधी अंगठा आला. मग तळव्याची कड. श्वास पुरेना. मागून वॉचमन यादवजी, "मॅडम, कुछ गिर गया क्या?" हो, काजळाची डबी, म्हटलं. काजळ मी कधी लावलं नाही. तो बिचारा टॉर्च घेऊन गाडीखाली शोधत बसला.

रडावं की हसावं.

३० नोव्हेंबर, रवि.

आज मात्र घाबरले. खरंच घाबरले.

गाडी काढायला गेले, किराणा आणायचा होता. सीट मागे. पार मागे, त्याने लावली होती तशी. मी काल पुढे ठेवून आले होते, शपथेवर सांगते. गाडी लॉक. एक किल्ली माझ्या पर्समध्ये, दुसरी दारामागच्या हुकाला, जिथल्या तिथे.

सीट पुढे न घेताच उतरले. रिक्षाने गेले. तूरडाळ विसरले.

कोणाला सांगू? सासूबाईंना सांगितलं तर हाय खातील. आधीच जेवण निम्मं झालंय त्यांचं. सकाळी लवकर उठून खाली बाकावर बसतात, येऊन गप्प पडून राहतात.

३ डिसेंबर, बुध.

परत भरतभाई. विचारलं, न धुता मारायचं असं वॅक्स आहे का?

"क्यूँ?"

बाकीच्या गाडीला मारायचंय. एक जागा सोडून. मग तिथलं काय होईल?

त्यांनी पेन खाली ठेवलं. मग मी सांगितलं सगळं. हसले नाहीत ते. म्हणाले, हाताच्या वरून वॅक्स मारलं तर खाली जे आहे ते खालीच राहील, पण दिसणार नाही, पाणी सगळीकडे सारखंच बसेल. धुतलं तर जाईल. सिरॅमिकचा थर चढवायचा तर आधी रंग घासतात, मग प्रश्नच नाही. आणि काहीच नाही केलं तर तेही हळूहळू जाणारच, हवेने, धुळीने. "रखने का कोई सामान नहीं आता मॅडम. सब सामान निकालने का है."

एवढी रॅक भरून बाटल्या आणि एकही त्या कामाची नाही.

मग कागदी चिकटपट्टी दिली, रंगारी लावतात ती. "उतना बॉक्स बना के छोड़ दो. आजूबाजू वॅक्स मारो." पैसे घेतले नाहीत. मी हट्टाने दिले.

मनात हेच. गाडी वाचवायची की हात. गाडी त्याची. हातही त्याचाच. बाकी काय राहिलंय? शर्ट सगळे सुनीताने नेऊन वाटले, मला न विचारता. चष्मा आहे. चष्म्यात माणूस नसतो.

७ डिसेंबर, रवि.

सीटचं कळलं.

सकाळी नेहमीपेक्षा लवकर खाली गेले, चिकटपट्टी घेऊन. गाडीत कोणीतरी. ड्रायव्हरच्या जागी. पट्टी हातातून पडली. बघते तर सासूबाई! सीट पार मागे, त्यात एवढ्याशा बसलेल्या, नऊवारीत, पाय लोंबकळतायत. दुसरी किल्ली मांडीवर.

"आई! अहो मी मेले असते भीतीने!"

"पुढे घेतेस कशाला गो सीट? त्याचे पाय आखडतात."

दार उघडून त्यांना उतरवलं. उतरल्या त्या सरळ बॉनेटकडे गेल्या, डावीकडे. बोट दाखवलं. "बघितलंस ना?" 

त्यांना माहीत होतं. पहिल्या आठवड्यापासून. रोज सकाळी माझ्याआधी येऊन बघतात. बाकावर बसायला जाते म्हणून सांगून.

मला काय वाटलं ते खरं लिहायचं तर, वाईट वाटलं. भीती गेली आणि त्या जागी हे आलं. मला वाटत होतं तो माझ्यासाठी टेकलाय.

११ डिसेंबर, गुरु.

आज जे झालं ते.

दूध घेऊन येत होते. गाडीपाशी सासूबाई, हातात वाटी. दवात हात उमटलेला आणि त्या बोट बुडवून तो भरतायत. लाल. रक्तासारखा लाल. हळदीत चुना कालवला की होतं तसं. चुना त्यांच्या पानाच्या डबीतला.

सासरे गेल्यापासून या बाईने हळदकुंकवाला शिवलं नाही. संक्रांतीला शेजारणी आल्या की आतल्या खोलीत जाऊन बसायच्या. आज भर पार्किंगमध्ये, बी विंगच्या बायका ऑफिसला निघालेल्या, सगळ्यांदेखत. मला अडवावंसं वाटलं नाही. उलट म्हटलं, करू दे. धन्याचा हात पडायचा राहिला होता ना, तो आता पडतोय. मीही हात जोडले.

मग त्या बाजूला झाल्या आणि मी बघितलं. पाचही बोटं पूर्ण.

"आई, मधलं बोट असं नाही!"

"कसं नाही?"

"अर्धं आहे ते! तुम्ही पुढे कुठे नेलंत? दवातही अर्धंच आहे, दिसत नाही का तुम्हाला?"

"माझ्या लेकाचं बोट पूर्ण होतं." वाटी घट्ट धरून, माझ्याकडे न बघता. "तू आलीस तेव्हा तुटलेलंच बघितलंस. तुला काय ठाऊक?"

दुधाची पिशवी हातात तशीच. यादवजी बघतायत. मी म्हटलं, "हो, मी तुटलेलंच बघितलं. मला तेच ठाऊक आहे. माझा तोच हात आहे!" फार मोठ्याने म्हटलं.

लिफ्टने एकत्र आलो वर.

त्याच दिवशी, नंतर

प्र. मला बघायला आला तेव्हा पोहे डाव्या हाताने खात होता. उजवा रुमालाखाली. आमच्या मामाला वाटलं डावखुरा आहे. जाताना नमस्कार करायची वेळ आली तेव्हा लपवता येईना, दोन्ही हात जोडले आणि मी बघितलं. त्याने बघितलं की मी बघितलं. इतका लाजला. मी घरात जाऊन आईला हो सांगितलं. का ते तेव्हा सांगता आलं नसतं, आताही नाही.

लग्नात हातावर हात ठेवला तेव्हा माझ्या तळव्यावर चार बोटं लांब आली आणि एक मध्येच थांबलं. तेवढीच जागा गार राहिली. पुढे इतकी वर्षं हात हातात धरला की तेवढी जागा मोकळी. ती माझीच होती.

आता ती मोकळी जागा लाल चुन्याने भरून टाकली आहे.

१४ डिसेंबर, रवि.

अबोला. ताट वाढते, त्या जेवतात, "मीठ दे" एवढंच.

लाल हात वाळून कडक झालाय. सोसायटीच्या ग्रुपवर कोणीतरी फोटो टाकला, "कोणती पूजा आहे ही?" मी लिहिलं, आमच्या घरची. पुढे कोणी विचारलं नाही.

ओलं कापड घेऊन मधल्या बोटाचा वरचा तुकडा तेवढा पुसला. लाल निघालं. खाली रंगाची चमक गेलेली, खडूने घासल्यासारखं. मग बाकीचंही सगळं पुसून काढलं. सगळीकडे तेच.

१५ डिसेंबर, सोम.

दव. हात दिसला. पण हा त्याचा नाही. कडा जाड, बोटं बुटकी, मधलं बोट पूर्ण. सासूबाईंच्या बोटाने काढलेला. पहिला हात यात कुठेच नाही. फुंकर मारली, कापडाने टिपून मारली, वाकून वाकून कंबर गेली. नाही.

त्यांनी तो राहावा म्हणून केलं आणि त्यानेच गेला.

ऑफिसात एका खात्याची चुकीची एन्ट्री केली. साहेब काही बोलले नाहीत. हल्ली कोणीच मला काही बोलत नाही, याचाही राग येतो.

१७ डिसेंबर, बुध.

भरतभाई गाडी बघायला दुकानाबाहेर आले. बोट फिरवलं. "क्या लगाया था?" हळद. आणि चुना. "चूना?" कपाळाला हात लावला. "मॅडम, हल्दी चलो समझ में आता है. चूना पेंट को खाता है. आंबट-तिखट सगळं चालेल, चुना नाही."

उपाय आहे. कंपाउंड. बारीक घासायचं पॉलिश, ट्यूबमध्ये येतं. हाताने हळूहळू घासलं की वरचा मेलेला थर जातो, खालून चांगला रंग येतो. मग वॅक्स. "नई जैसी."

आणि हात?

"मॅडम, वो हाथ तो अब है ही नहीं ना." एकदम हळू म्हणाले. कंपाउंडची ट्यूब घेतली. डिकीत पडून आहे.

२१ डिसेंबर, रवि.

सासूबाई आपणहून म्हणाल्या, "मासळी खावीशी वाटते." प्र. गेल्यापासून पहिल्यांदा काही मागितलं. उत्तनच्या पुढे चौक गावाला, होड्या लागतात तिथे, नेलं त्यांना. गाडीत मागे बसल्या, सीट माझ्याइतकी पुढे, काही बोलल्या नाहीत. मासेवाली म्हणाली, "घे गो आजी, ताजा हाय, आताच होडी लागली." बोंबील घेतले, थोडी मांदेली. त्यांनी भाव केला, जुन्यासारखा, भांडून. बरं वाटलं ऐकायला.

परत निघालो. वारा खारट, काचेवर चिकट थर. आरशात बघितलं तर त्या स्वतःचा उजवा हात मांडीवर पसरून त्याच्याकडे बघतायत.

"शुभा."

"अं?"

"कुठपर्यंत होतं गो ते?"

मला आधी कळलंच नाही. "काय?"

"बोट. कुठपर्यंत राहिलं होतं?"

गाडी बाजूला घेतली. मागे वळले. त्या म्हणाल्या, "मी कधी बघितलंच नाही. माझ्या भावाला सांगून मीच त्याला कारखान्यात चिकटवला होता. शाळा नको म्हणत होता तो, मी म्हटलं मग काम कर. पट्टी बांधून घरी आला तेव्हापासून मी त्या हाताकडे बघितलं नाही. ताट वाढलं की मान खाली. राखी बांधताना सुनीता हसायची, आई दुसरीकडेच बघते म्हणून. इतकी वर्षं. मला दवात तो दिसतो, पण बोटाशी आलं की डोळे सरकतात गो. मी जे काढलं ते आठवून काढलं."

बायकांना सांत्वन करता येतं म्हणतात. मला नाही येत. मी त्यांचा हात घेतला. मधल्या बोटाच्या मधल्या पेरावर माझं नख टेकवलं.

"इथपर्यंत, आई."

त्या बघत राहिल्या. डोळे सरकू दिले नाहीत. मग दुसऱ्या हाताने वरचं पेर झाकलं आणि तशाच बसल्या. घरी येईपर्यंत. बोंबलाचं पाणी मॅटवर सांडलं, तो वास आता महिनाभर जायचा नाही.

२८ डिसेंबर, रवि.

वॅक्स झालं. अंग मोडून आलंय, पण झालं.

दोघींनी केलं. त्या खुर्ची टाकून बसल्या, कापडं पिळून द्यायला. शाम्पू, पाणी, पुसणं. स्वस्तिक गेलं. खाडीचा थर, चौकचं मीठ, सगळं गेलं. उरला तेवढा हात, रंगात खाल्लेला.

ट्यूब काढली. म्हटलं, "आई, सगळाच घासू का? नवी होईल म्हणतात."

"नको." उठल्या. कापड बोटाला गुंडाळलं, कंपाउंड घेतलं, आणि मधल्या बोटाचं टोक घासायला लागल्या. फक्त तेवढंच. मी पुढे झाले तर कोपराने बाजूला केलं मला. चष्मा खाली घसरलेला, तोंडाने काहीतरी पुटपुटणं चालू. काय ते विचारलं नाही. थोड्या वेळाने म्हणाल्या, "एवढं?" मी म्हटलं, अजून थोडं. अजून घासलं. "आता?"

"हो. आता बरोबर."

आपल्या मुलाचं बोट त्यांनी स्वतःच्या हाताने आखूड केलं. मला बघवेना, आणि मीच तर सांगत होते कुठपर्यंत.

मग चिकटपट्टी हाताच्या कडेकडेने लावली, बोटाबोटामधून, वेळ गेला फार. बाकी सगळीकडे वॅक्स. घासलेल्या तुकड्यावरही वॅक्स, दोनदा. पातळ लावायचं, सुकू द्यायचं, पुसायचं. त्या म्हणाल्या, "करंजीला तूप लावतो तसं." अगदी तसंच. पट्टी काढली. उन्हात बॉनेट असं चमकलं की बी विंगमधला एक जण थांबून म्हणाला, क्या बात है. मधला हात मंद, अर्ध्या बोटाचा. माहीत असेल त्यालाच दिसेल.

प्र.ला आवडलं असतं. आधी चुका काढल्या असत्या, मग आवडलं असतं. आज पोटातून हसले, बऱ्याच दिवसांनी. मग अर्थातच रडलेही.

२ जानेवारी, शुक्र.

चार दिवस दव नाही. रुचा येऊन गेली. गाडीला हात लावून म्हणाली, "काचेसारखं झालंय गं." हात दाखवला. तिने मोबाईल काढला, मग परत ठेवला.

आजी-नात पत्ते खेळल्या. सासूबाई पोटभर जेवल्या. मला वाटतं हे असंच संपेल, हळूहळू. संपू दे म्हणवत नाही अजून.

५ जानेवारी, सोम.

दव पडलं. गच्च. खिडकीतूनच कळलं. सासूबाई गुडघा धरून बसलेल्या, काल जास्त चालल्या. म्हणाल्या, "तू जाऊन ये. दिसतो का सांग."

खाली गेले. सगळ्या गाडीवर थेंब, बारीक, गोल, वॅक्सवर बसतात तसे. हात दिसला. वॅक्स नाही तिथे दव पसरून बसलेलं, धुक्यासारखं. तळवा, अंगठा, करंगळी. छान दिसत होता.

मधलं बोट पूर्ण.

जवळ गेले. वाकले. पूर्ण. घासलेल्या तुकड्यावर थेंब हवे होते, आम्ही दोनदा वॅक्स मारलंय तिथे. थेंब नव्हते. टोकापर्यंत एकसारखं धुकं, नखासकट. आणि कडा सासूबाईंच्या बोटासारख्या जाड नव्हत्या. बारीक. कोवळ्या पोराच्या हाताच्या असतात तशा.

कंपाउंड कमी पडलं असेल. चुना खोल गेला असेल. भरतभाई हेच सांगतील, रुचाही. दोघांचंही बरोबर असेल.

मागे बघितलं, यादवजी गेटवर, पाठमोरे. दुसरी किल्ली घरी, हुकाला, निघताना मी बघितली होती. वाकून आत बघितलं. सीट माझ्या मापाची होती, पुढेच.

माझा हात त्यावर ठेवणार होते. मला जी मोकळी जागा ठाऊक आहे ती तिथे नव्हती. असा हात मी कधी धरलेलाच नाही. ठेवला नाही.

वरून खिडकीतून आवाज, "शुभा! दिसला का गो?"

ऊन बी विंगच्या गच्चीवर आलं होतं, थोड्या वेळात खाली उतरलं असतं. मी वर बघून मान हलवली. दिसला.

"बोट?"

तेवढ्यात दूधवाल्याची बाईक आली, तिच्या आवाजात ऐकू न आल्यासारखं केलं. आता वर जायचं आहे. जिन्यात बसून हे लिहितेय, ऑफिसच्या पॅडवर. त्या दारातच उभ्या असतील.